कोरडा शब्द

“शब्द द्यायचा, नूपुर. भाव द्यायचा नाही.”

हा आवाज तिच्या कानात लहानपणापासून मुरलेला. तिचे बाबा, वसंत, गिरगावातल्या नाटकमंडळींचे प्रॉम्प्टर. नट बोलता बोलता अडखळला की विंगेतून त्याला पुढचा शब्द पुरवायचा, हे त्यांचं काम. रविवारी दुपारच्या प्रयोगाला ते लेकीला सोबत न्यायचे, विंगेतल्या कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसवायचे आणि हातावर लिमलेटची गोळी ठेवायचे. उजेडात राजा रडायचा, राणी रुसायची… आणि काळ्या पडद्याच्या घडीतून बाबांचा आवाज जायचा. सपाट, ना थंड ना गरम.

“नट तहानलेला असतो गं,” बाबा सांगायचे. “त्याला पाणी द्यावं. सरबत करून देऊ नये. साखर त्याची त्याने घालायची.”

बाबा गेले. पेटारा गेला. आवाज तेवढा राहिला. म्हणून तर कॉटन ग्रीनच्या त्या गोदामात, कामाच्या पहिल्याच दिवशी, नूपुरच्या तोंडून शब्द गेला तो अगदी बाबांसारखा!

गोदामातल्या कापसाच्या गाठी कधीच्याच गेलेल्या. तिथे आता टीव्ही मालिकेचा बंगला उभा होता. थर्माकोलचे खांब, प्लायवूडच्या भिंती, आणि अर्ध्यावर जाऊन संपणारा एक ऐटदार जिना. नूपुर नवी असिस्टंट. कुणाच्या कोणत्या हातात कप होता, कुणाची बट कोणत्या कानामागे होती, एवढं लक्षात ठेवायचं तिचं काम. ती खांबामागे उभी होती आणि समोर होता हितेंद्र परब.

हितेंद्र परब कोण, हे कुणाला सांगायला नको होतं. नूपुरच्या घरी तर मुळीच नको. खोताच्या वाडीपलीकडच्या चाळीत तिची आई, नलू, जेवणाचं ताट मांडीवर घेऊन कितीतरी वर्षं त्याला बघत आलेली. तो कीर्तनकार झाला, तेव्हा आई टीव्हीसमोर पाय पसरून बसायची नाही. लाचखाऊ फौजदार झाला, तेव्हा तिने रागाने चॅनेलच बदललं. मग एका विनोदी कार्यक्रमात तो नऊवारी नेसून खाष्ट मावशी झाला, आणि आई डोळे पुसत म्हणाली, “मेली अश्शीच पदर खोचायची गं आमची कांतामावशी!” ऐन तिशीत त्याने कवळी लावून चिक्कू आजोबा केला, तर चाळीतले खरे आजोबा त्याच्यासारखं खोकायला लागले. आणि आता ह्या मालिकेत त्याचा डबल रोल. जुळे भाऊ. विनय म्हणजे देवमाणूस, विलास म्हणजे दिवटा.

त्या दिवशी तो विनय होता. मालिकेची नायिका इरा, म्हणजे श्रेया, त्याच्याकडे पाठ फिरवून उभी. संवादांची पानं नुकतीच छापून आलेली, हाताला अजून गरम लागत होती. नेहमीचा प्रॉम्प्टर तापाने आडवा.

“मी तुझा गुन्हेगार नाही, इरा,” हितेंद्र म्हणाला. “मी फक्त…”

आणि थांबला. पुढचं वाक्य हरवलं होतं.

“उशिरा आलो,” खांबामागून नूपुर म्हणाली. कोरडं. नाक्यावर भाजीवाल्याला भाव विचारावा तसं.

“उशिरा आलो,” हितेंद्र म्हणाला… आणि श्रेयाच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं.

नूपुर बघतच राहिली. तेच दोन शब्द! तिच्या ओठांवरून निघाले तेव्हा नुसते गारगोटे होते, त्याच्या ओठांवर जाऊन त्यांना पान फुटलं.

“कट! कोण बोललं ते?” दिग्दर्शक श्यामकांत ओरडले.

हितेंद्र खांबाला वळसा घालून आला. “तू?”

“सॉरी सर.”

“सॉरी कशाला? शब्द बरोबर होता. पण इतका कोरडा शब्द मला आजपर्यंत कुणी दिला नव्हता.”

“कोरडाच द्यायचा असतो. भिजवून दिला तर तुम्ही घसरला असता.”

तो हसला. कोणतं हसू होतं ते? कीर्तनकाराचं नव्हे, फौजदाराचं नव्हे. तिने आईच्या शेजारी बसून बघितलेल्या कुठल्याच भागातलं नव्हे.

“श्यामदा,” तो मागे वळून म्हणाला, “ही मला हवी.” आणि मग, जरा उशिराने… “प्रॉम्प्टिंगला.”

झालं! तेव्हापासून नूपुरची जागा ठरली. हितेंद्र श्रेयाकडे बघून बोलायचा, तर नूपुर श्रेयाच्या खांद्यामागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी. हितेंद्र अडला की ती शब्द सोडायची, तो उचलायचा. पुढे एडिटिंगमध्ये तिचा आवाज कापला जायचा. घरोघरी पोचायचा तो त्याचा शब्द. तिचा शब्द गोदामातच राहायचा, कबुतरांसोबत.

सगळे त्याला हितूदादा म्हणत. नूपुरच्या जिभेला काही तो ‘दादा’ वळेना. ‘सर’ म्हटलं तर तो कानांवर हात ठेवायचा. शेवटी ती “अहो” म्हणाली, तर श्रेयाचा गजराच सुटला हसता हसता.

“अहो काय, अहो? पत्रिका तरी वाटायच्या ना!”

नूपुरचे कान लाल. त्यानंतर तिने त्याला हाक मारणंच सोडलं. समोर जाऊन उभी राहायची, तो बघेपर्यंत. आणि तो बघायचा… लगेच बघायचा.

“आज कोण आहात?” रोज सकाळी ती विचारायची.

“जेवणापर्यंत विनय. नंतर नालायक.”

विलासचा भडक शर्ट अंगात असला की तो तिच्या डब्यातली कोथिंबीर वडी उचलून पसार व्हायचा. मग विनयच्या पांढऱ्या सदऱ्यात यायचा, मान खाली, हात जोडलेले.

“माझ्या भावाच्या वतीने माफी मागतो.”

“माफी नको. वडी परत करा.”

“ती त्याने खाल्ली. मी फक्त चव सांगू शकतो.”

“सांगा.”

“मीठ कमी. माया जास्त.”

“ती माया आईची आहे. विलासवर नाही, विनयवर.”

“आणि तुझी?”

दुसऱ्याला शब्द देण्यात जन्म गेला तरी आपल्या वेळेला जीभ टाळूला चिकटते म्हणतात, ते असं. आणि खरं सांगायचं तर तिला कळतच नव्हतं, विचारतोय कोण. हे लाघव विनयचं? ती डोळ्यांतली खोडी विलासची? ज्याला दहा माणसं होता येतं त्याचं अकरावं माणूस कुठे राहतं… लालबागच्या त्याच्या घरी तरी ते असतं का?

एका सकाळी आई तांदूळ निवडत स्वतःशीच गुणगुणत होती. आईच्या ओव्या आईच्याच असत, तिथल्या तिथे जुळवलेल्या.

“राघू पढविला, बोले शंभर बोलांनी
एक बोल आपुला, ठेवी झाकून पंखांनी…”

“हे कुणावर गं?” नूपुरने दचकून विचारलं.

“कुणावर असायचंय? राघूवर,” आई म्हणाली. “तुला का लागलं?”

लागलं होतं. मालिकेतली वाक्यं तिला लागायला लागली होती. “तुझ्याशिवाय हे घर म्हणजे नुसत्या भिंती.” हे वाक्य तिने त्याला दिलं होतं, कोरडंठाक. त्याने ते श्रेयाला दिलं होतं, थरथरतं. आणि मग घरी मोरीत कपडे पिळताना तेच वाक्य तिच्या तोंडून असं काही आलं, की आईने परकराचा बोळा हातात घेऊन डोकं आत घातलं.

“कुणाशी बोलतेयस?”

“प्रॅक्टिस गं.”

“कोरड्याची प्रॅक्टिस डोळे मिटून करतात होय?”

श्रावण लागला. गोदामाला पत्र्याचं छप्पर. सर आली की पत्रा असा वाजायचा की माईकमध्ये दुसरं काही शिरायचंच नाही. साउंडवाला हात वर करायचा, कॅमेरा थांबायचा, सगळे चहाकडे पळायचे. एका दुपारी अशीच सर आली. हितेंद्र विनयचा सदरा उतरवून, विलासचा शर्ट अजून न घालता, आपल्याच विटक्या टी-शर्टात दाराशी येऊन उभा राहिला. नूपुर तिथे होतीच, हात बाहेर काढून पन्हाळीचं पाणी झेलत.

“आत्ता कोण आहात?” तिने विचारलं.

“आत्ता कोणीच नाही. पाऊस थांबेपर्यंत सुट्टी.”

दोघं उभे राहिले. बाहेर रस्त्यावर एक ट्रक भिजत होता. पागोळ्यांचे थेंब हितेंद्रच्या बाहीवर पडत होते आणि त्याला ते कळत नव्हतं, हे तिला कळत होतं.

“नूपुर,” तो म्हणाला. “मला तू…”

आणि थांबला.

तो थांबणं नूपुरला पाठ होतं. भुवई जराशी वर, खालचा ओठ दाताखाली, नजर तिच्यावर. शब्द हवाय! विचार करायला वेळच कुठे होता? विंगेत वाढलेली पोर ती…

“आवडतेस,” ती म्हणाली. सपाट. कोरडं.

“आवडतेस,” तो म्हणाला.

मग दोघंही तसेच. तिचा ओला हात हवेत. त्याचे डोळे मोठे झालेले, जणू पायरी समजून पाय टाकला आणि खाली पायरीच नाही.

“साउंड रेडी! चला, चला!” आतून आरोळी आली. सर कधी थांबली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

त्या दिवशी पुढचं काम कसं झालं, नूपुरला आठवत नाही. घरी जाताना मात्र एकच वाक्य तिच्यासोबत चाललं होतं, अर्धं त्याचं, अर्धं तिचं. ‘मला तू’ पर्यंत त्याचं. ‘आवडतेस’ तिचं. पण ते वाक्य खरंच तिकडे निघालं होतं का? ‘मला तू चहा आणून दे’ असेल! ‘मला तू बहिणीसारखी आहेस’ असेल, देवा, असं नसू दे! आणि तो पुन्हा म्हणाला त्याचं काय कौतुक? तिने दिलेलं काहीही तो म्हणतोच. ती ‘वांगं’ म्हणाली असती तर तो ‘वांगं’ म्हणाला असता, आणि तेही असं, की ऐकणाऱ्याला रडू यावं.

विचारावं त्याला? दुसऱ्या दिवशी ती ठरवूनच गेली. पण गोदामाच्या दारातच श्यामकांतांनी तिला गाठलं.

“नूपुर, आजपासून तू श्रेयाला प्रॉम्प्ट कर. हितूला नको.”

“का? माझं काही…”

“मला काय ठाऊक? त्यानेच सांगितलं.”

म्हणजे हे उत्तर होतं. नको तो शब्द दिलास, आता दुसरा कुठलाच देऊ नकोस!

आता तिची जागा उलटी झाली. श्रेयासाठी ती हितेंद्रच्या खांद्यामागे उभी राहायची. त्याचा चेहरा दिसायचा नाही. मानेवरचे घामाने चिकटलेले केस दिसायचे, कानाची पाळी दिसायची. आणि तो? एकदाही अडखळायचा नाही. पानं आली की कोपऱ्यात जाऊन घोकायचा, पोरं परीक्षेला घोकतात तसा. वडी चोरायला विलास येईना, माफी मागायला विनय येईना. डबा भरलेला घरी जायचा.

“वड्या बिघडल्या का गं माझ्या?” आईने विचारलं.

“नाही.”

“मग तू बिघडलीस.” आईने झाकण लावलं. “काय केलंन त्याने?”

“कुणी?”

“असे शंभर ‘कुणी’ आहेत का तुझे? रोज येऊन सांगायचीस, आज विनय असं म्हणाला, आज विलासने तसं केलं. आता मालिका बंद पडल्यासारखी गप्प.”

“पडतेच आहे बंद,” नूपुर म्हणाली. “गणपतीच्या आधी शेवटचा भाग. ते मग हिंदी मालिकेत जाणार. जयपूरला.”

आईने डबा बाजूला ठेवला. “मग विचार काय ते. जयपूरला का चाळीतून हाका मारणारेस?”

“आई, मला त्यांचं कळतच नाही. खरं कुठलं, खोटं कुठलं…”

“ते मला वीस भाग झाल्यावर कळायचं,” आई म्हणाली. “तुला रोज समोर दिसतोय, बये.”

शेवटच्या दिवशी दुपारीच पॅक-अप झालं. केक कापला, श्रेया सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, आणि लगेच कामगार बंगला उतरवायला लागले. खांब काखोटीला मारून नेत होते. तो ऐटदार जिना बाहेर फुटपाथवर आणून ठेवला होता, ट्रकची वाट बघत. ऊन पडलं होतं, रस्ता वाफाळत होता. हितेंद्र पाठीला सॅक लावून बाहेर पडला तेव्हा नूपुर त्या जिन्यापाशी उभी होती. नेहमीसारखी, हाक न मारता. पण आज तो बघेना. पुढे गेला.

“अहो!” ती ओरडली. दोन कामगार वळून हसले. हसेनात का!

तो थांबला. परत आला. “बोल.”

“तुम्ही मला काढून का टाकलंत?”

“काढलं नाही गो…”

“नाही कसं? श्यामदांना सांगितलंत. माझं चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं होतं.”

तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. “तेच सांगत होतो त्या दिवशी. दाराशी. ‘नूपुर, मला तू आता शब्द देऊ नकोस.’ असं वाक्य होतं माझं. चांगलं पाठ करून आलो होतो.”

नूपुरच्या कानशिलांत गरम वाफ भरली. म्हणजे वाक्य तिकडे निघालंच नव्हतं. तिनेच ते मान धरून वळवलं होतं.

“आणि मी मध्येच…”

“तू मध्येच भलतंच वाक्य दिलंस.”

“सवयीने गेलं तोंडून. विसरून जा.” ती वळली. पाय निघेना. “पण का? माझा शब्द कधी चुकला होता?”

“कधीच नाही.”

“मग?”

त्याने तोंड उघडलं… आणि थांबला. भुवई जराशी वर. खालचा ओठ दाताखाली. नजर तिच्यावर.

नूपुरच्या जिभेवर शब्दांची रांग लागली. ‘कंटाळलो’ देऊ? ‘दुखावलो’ देऊ? कुठलाही दिला तरी हा उचलणार, आणि मग जन्मभर कळायचं नाही तो कुणाचा. तिने ओठ घट्ट मिटले. पलीकडे कुणीतरी हातोडीने खिळे उपटत होतं. एक खिळा निघाला, दुसरा निघाला. हितेंद्र बोलेना.

“ते असं…” तो म्हणाला. पुन्हा थांबला. “श्रेया आहे ना…” पुन्हा थांबला. सॅकचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. इतका वाईट अभिनय त्याने कधी केला नव्हता. आईने बघितला असता तर चॅनेल बदललं असतं.

“श्रेया म्हणाली मला… हितूदादा, तू माझ्याकडे बघत नाहीस. माझ्या कानामागे बघतोस.” त्याने मान वर केली. “मी तिथेच बघत होतो. तू तिथे असायचीस. तू म्हणायचीस, ‘तुझ्याशिवाय हे घर म्हणजे नुसत्या भिंती.’ मला म्हणायचीस. आणि मी ते नेऊन तिला द्यायचो, टपालवाल्यासारखं. मग मला ते देववेना. वाटायचं, हे… हे माझ्या पत्त्यावर आलंय. ठेवून घ्यावं.”

नूपुर हळूच जिन्याच्या कठड्याला टेकली.

“कीर्तनकाराला काय बोलायचं ते लिहिलेलं होतं,” तो म्हणाला. “फौजदाराला लिहिलेलं होतं. त्या मावशीला तर शिव्यासुद्धा लिहून दिल्या होत्या. हे कुणी लिहिलं नाही ना, म्हणून नीट येत नाही मला.”

“मग दुसऱ्या दिवशी का नाही बोललात? मी वाट बघत होते.”

“काय बोलू? तू म्हणालीस ‘आवडतेस’, मी म्हणालो ‘आवडतेस’. घरी गेलो तर मलाच कळेना, मी बोललो की नुसतं तुझ्या मागून म्हटलं. मग विचार करकरून ते कळलं. मी बोललोच होतो. ते माझं कळलं, नूपुर. तुझं नाही कळलं. तो शब्द तू मला सुचवलास… की सांगितलास?”

ट्रक आला. कामगारांनी जिना उचलायला हात लावले, ह्या दोघांकडे बघून पुन्हा सोडले आणि बिड्या काढल्या. नूपुरला वाटलं, इतके दिवस आपण त्याच्याच अर्ध्या वाक्याभोवती फिरत राहिलो. आपलं अर्धं कुठून आलं, हे आपल्याला कुणी विचारलं नाही. आपणही विचारलं नाही. पानावर तो शब्द नव्हता. बाबांनी शिकवलेला नव्हता. तो आधीपासून तिथेच बसलेला होता, दाराच्या आतल्या बाजूला, कुणीतरी कडी काढायची वाट बघत.

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. तोंड उघडलं तर आवाजच येईना. तो बघत राहिला. त्याने एकही शब्द दिला नाही.

“सांगितला,” ती म्हणाली. आवाज कापला, फुटला, रस्त्यापलीकडच्या ट्रकवाल्याला ऐकू जाईल एवढा मोठा झाला. “आवडतोस तू मला, हितेंद्र. खूप दिवस झाले.”